अठ्ठावीस इंची चाकाचा हिशेब

बेळगाव म्हटलं की आम्हा गोवेकरांच्या डोळ्यांपुढे काय येतं? भाजीचे ट्रक, खडेबाजार, गणपत गल्ली, आणि येताना पिशवीत घातलेला कुंद्याचा डबा. माझ्यासाठी मात्र बेळगाव म्हणजे शहापूरच्या बाजूला असलेलं मामांचं घर आणि त्या घराच्या पडवीत भिंतीला टेकून उभी असलेली काळी, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल. मामा उद्यमबागेत टर्नर होते. निवृत्त होईपर्यंत ते याच सायकलवरून कामावर गेले. आता वय पंचाहत्तरच्या पुढे, तरी दर रविवारी सायकल पुसून तेल घालण्याचा नेम चुकलेला नाही.

गेल्या मे महिन्यात चोर्ला घाटातून बेळगावला गेलो, तर पडवीत त्या सायकलच्या हँडलला एक साधा कॅल्क्युलेटर रबरबँडने बांधलेला. त्याच्या पोटातून दोन वायरी निघून पुढच्या फोर्कपर्यंत गेलेल्या. मामांचा नातू खाली बसून चाकाच्या स्पोकला काहीतरी बांधत होता. "काय करूलाल्यास रे?" म्हणून मामा त्याला विचारत होते, आणि तो "आज्जा, थांब की जरा" म्हणत होता. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याला सायकलचा वेग मोजायचा होता, तोही घरीच केलेल्या यंत्राने.

मी कलाशाखेचा पदवीधर, पोटापाण्यासाठी सरकारी कचेरीत कारकुनी करणारा. गणिताशी माझा संबंध पगारपत्रकापुरता. पण त्या चार दिवसांत त्या चाकाने मला असं काही फिरवलं, की परत आल्यावर जुनी पुस्तकं काढून बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी त्या कॅल्क्युलेटरची गंमत. साध्या कॅल्क्युलेटरमध्ये एखादा आकडा आणि अधिकचं बटन एकदा दाबलं, की पुढे दर वेळी 'बरोबर'चं बटन दाबल्यावर तोच आकडा पुन्हा पुन्हा मिळवला जातो. पोराने 'बरोबर'च्या बटनाच्या दोन टोकांना वायरी जोडल्या आणि त्या एका रीड स्विचला नेल्या. रीड स्विच म्हणजे काचेची इवलीशी नळी, आत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पातळ पट्ट्या. चुंबक जवळ आलं की पट्ट्या चिकटतात, दूर गेलं की सुटतात. दारा-खिडक्यांच्या चोरघंटीत हाच स्विच असतो. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड याने तो 1936 साली शोधला, टेलिफोनच्या कामासाठी. पोराने नळी फोर्कला बांधली, चुंबक स्पोकला. चाकाचा एक फेरा झाला की एकदा 'बरोबर' दाबलं जाणार आणि चाकाचा परीघ बेरजेत पडणार. किती मीटर गेलो ते कॅल्क्युलेटरवर, किती वेळ लागला ते घड्याळात, आणि भागाकार केला की वेग.

चाक फिरवून अंतर मोजायची ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथात अशा गाडीचं वर्णन केलं आहे. चार फूट व्यासाचं चाक, त्याचा परीघ साडेबारा फूट, चारशे फेऱ्यांत पाच हजार फूट म्हणजे एक रोमन मैल. दर मैलाला दात्यांच्या चक्रांमधून एक गोटा खालच्या भांड्यात पडायचा. मुक्कामाला पोचल्यावर गोटे मोजायचे! यंत्र सोडलं तर आमच्या पोराच्या कॅल्क्युलेटरमध्ये आणि त्या गोट्यांमध्ये फरक काही नाही.

आपल्याकडे कोसाचा हिशेब. पण कोस हा गावोगाव वेगळा. बैलगाडीचा वेगळा, पायवाटेचा वेगळा. कंपनी सरकारने लष्कराच्या वाटा मोजायला हातात धरून ढकलायचं चाक आणलं, त्याला पॅरांब्युलेटर म्हणत. 1818 साली थॉमस मन्रोने बेळगावचा किल्ला घेतला, तो याच काळात. रस्त्यांचे नकाशे त्या चाकावर झाले. पण विल्यम लॅम्बटनने 1802 साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी जी मोठी मोजणी सुरू केली, तिच्या पायारेषेसाठी त्याने पोलादी साखळी घेतली आणि पुढचं सगळं त्रिकोणांवर सोडलं. कारण चाक खड्ड्यात उतरतं, दगडावर चढतं, वळणावर भरकटतं, आणि ते सगळं अंतर इमानेइतबारे मोजतं. रस्ता किती हे चाक बरोबर सांगेल, पण दोन गावं एकमेकांपासून किती दूर हे चाकाला विचारू नये. सायकलवाल्याला मात्र रस्ताच हवा असतो, म्हणून त्याच्यासाठी चाकासारखं दुसरं साधन नाही.

आता सायकलकडे येऊ, आणि सायकल म्हटलं की बेळगावातच राहावं लागतं. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचं किर्लोस्कर घराणं आपल्याला पहिल्यांदा आठवतं ते संगीत नाटकामुळे. 'शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. त्याच घराण्यातले लक्ष्मणराव, जन्म 1869 चा. चित्रकला शिकायला मुंबईला जे.जे. मध्ये गेले. तिथे कळलं, की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. मग ते यांत्रिक रेखाचित्रांकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मुंबईत त्यांनी सायकल पाहिली आणि तिचं वेड घेतलं. 1888 साली बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचा धंदा सुरू झाला, नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स'. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा इथे विकायचे. एका सायकलला सातशे ते हजार रुपये पडायचे आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे, असं सांगतात. पुढे बढतीच्या वेळी डावललं गेलं तेव्हा लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली आणि ते बेळगावला येऊन राहिले. आजही गावात किर्लोस्कर रोड आहे. खरेदीला गेलेले आपण गोवेकर त्या रस्त्यावरून जातो, पण नाव कुणाच्या सायकलीमुळे पडलं याचा विचार फारसा करत नाही.

त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत हार्टफर्ड शहरात कर्टिस व्हीडर नावाच्या माणसाने सायकलसाठी छोटंसं मोजयंत्र काढलं, साल 1895. स्पोकला एक खुंटी, आणि पुढच्या आसाजवळ चांदणीसारखं दातेरी चक्र. खुंटी दर फेऱ्याला चांदणीला एक टिचकी मारायची, चांदणी एक दात सरकायची, आणि आतल्या चक्रांवरून मैलांचे आकडे पुढे जायचे. व्हीडरची खुंटी काढून तिथे चुंबक ठेवा, चांदणीच्या जागी काचेची नळी ठेवा, की झालं आमच्या पोराचं यंत्र.

पण अशा यंत्राला एक गोष्ट आधी ठाऊक असावी लागते, चाक केवढं आहे ती. अठ्ठावीस इंच व्यास, त्याला बावीस सप्तमांशाने गुणलं की बरोबर 88 इंच. एका मैलात इंच 63,360. त्याला 88 ने भागा, उत्तर येतं 720, वर बाकी शून्य! म्हणजे अठ्ठावीस इंची चाकाचे सातशे वीस फेरे झाले की मैल पुरा. हे मी कागदावर करून पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसेना, पुन्हा करून पाहिलं. सातशे वीसला दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ, नऊ अशा कितीतरी आकड्यांनी भाग जातो. दातेरी चक्रं कापणाऱ्याला यापेक्षा सोयीचा आकडा कुठून मिळणार?

मी ही आकडेमोड मोठ्या उत्साहाने मामांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "मोठा शोध लावलास. आमचे मेस्त्री पाच सेकंद मोजायचे."

मामा उमेदवारी करत होते तेव्हाची गोष्ट. त्यांचे मेस्त्री सायकलच्या मडगार्डच्या काडीला पुठ्ठ्याचा तुकडा कपड्याच्या चिमट्याने लावायचे आणि एकाच स्पोकला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचे. पुठ्ठा बाकीच्या स्पोकना लागायचा नाही, फक्त त्या पट्टीला लागायचा. दर फेऱ्याला एक 'टक'. मागे बसलेल्याने घड्याळ बघून पाच सेकंदांत किती टक वाजले ते मोजायचं. तेवढाच ताशी मैलांचा वेग. बारा टक, तर ताशी बारा मैल.

मी पडताळून पाहिलं. ताशी एक मैल म्हणजे सेकंदाला 17.6 इंच. पाच सेकंदांत किती? बरोबर 88 इंच, म्हणजे चाकाचा एक फेरा. मेस्त्री किती शिकलेले होते ते मामांना सांगता आलं नाही. पण पुठ्ठा, चिमटा आणि ट्यूबची पट्टी एवढ्यावर त्यांनी वेगमापक उभा केला होता, आणि त्याला गुणाकार-भागाकार काही लागत नव्हता.

"मग किलोमीटरचं काय?" पोराने विचारलं. इथे थोडा इतिहास मध्ये येतो. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत दशमान पद्धत आधीच होती, बेळगावकडे मैल. म्हणजे मुक्तीपूर्वी सीमा ओलांडताना माणसाचं राज्य बदलायचं तसं अंतरही बदलायचं. भारतात मापांचा कायदा झाला तो 1956 च्या डिसेंबरात. त्याच वर्षी 26 सप्टेंबरला लक्ष्मणराव वारले, आणि 1 नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या एका वर्षात या गावाने काय काय मोजलं असेल ते इथे लिहीत नाही. बेळगावच्या मराठी घरात त्या तारखेचं नाव काढलं की चहा निवतो, एवढंच सांगतो.

तर किलोमीटरचा हिशेब. 88 इंच म्हणजे 2.235 मीटर. पाचाऐवजी आठ सेकंद मोजायचे. आठ सेकंदांत जितके टक, तितका ताशी किलोमीटर वेग. गंमत म्हणजे हाही हिशेब जवळजवळ बरोबर बसतो. आपल्या घरात जुनी अठ्ठावीस इंची सायकल असेल तर अवश्य करून पहा.

मात्र या पद्धतीत एका टकाची चूक राहतेच. मोजणी सुरू केली तेव्हा पट्टी नुकतीच निघून गेली होती की यायच्या बेतात होती, ते कळत नाही. सोळाचे पंधरा किंवा सतरा होऊ शकतात. गप्पा मारायला ते पुरेसं आहे, पण पोराला अचूक वेग हवा होता.

आणि त्याचा कॅल्क्युलेटरही फसवत होता. सपाट रस्त्यावर ठीक, उतारावर वेग वाढला की फेरे खायचा. पोराने वायरी बदलल्या, नवा सेल घातला, काही उपयोग होईना. मामा स्टूल घेऊन चाकाजवळ बसले, चाक हाताने फिरवून बघितलं आणि म्हणाले, "चुंबक रिमजवळ कशाला बांधलास? आसाकडे सरकव." कारण साधं आहे. ताशी पंचवीस किलोमीटरला चाकाचा एक फेरा सेकंदाच्या एक तृतीयांशाहून कमी वेळात होतो. आसापासून तीस सेंटिमीटरवर बांधलेलं चुंबक नळीसमोरून इतकं झपकन जातं, की पट्ट्या जेमतेम तीन-साडेतीन सहस्रांश सेकंद चिकटतात. कॅल्क्युलेटरचं बटन माणसाच्या बोटासाठी केलेलं. एवढ्या ओझरत्या स्पर्शाची तो दखल घेत नाही. चुंबक दहा सेंटिमीटरवर आणलं की फेरे तेवढेच, पण चुंबकाची धाव तिसऱ्या हिश्श्यावर आली, आणि पट्ट्या तिप्पट वेळ चिकटू लागल्या. कॅल्क्युलेटर सुधारला.

तरी तो चालू क्षणाचा वेग दाखवू शकत नव्हता. मग पोराने आर्डुइनो आणला. 2005 साली इटलीतल्या इव्हरेया गावी विद्यार्थ्यांसाठी निघालेली ही छोटी पाटी, हल्ली शाळकरी मुलंही वापरतात. रीड स्विच तोच, चुंबक तेच. पाटी सुरू केली आणि पहिल्याच फेरीला आकडा आला 41! पोरगा हर्षाने ओरडला. ताशी एक्केचाळीस! शेजारची पोरं जमली. मामा पडवीतून बघत होते. म्हणाले, "सायकल बरोबर पळूलालीय, खरं तुझं यंत्र खोटं बोलूलालंय."

आमच्या गोव्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, बेळगावच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण'. त्या वाक्यात 'खरं' आणि 'खोटं' शेजारी शेजारी आल्याने मला हसू आलं. पोराला मात्र राग आला. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोत गेलो. तिथे झाडी आहे, रस्ता मोकळा असतो. पोलादी टेपने शंभर मीटर मोजून खडूच्या दोन रेघा मारल्या. पोराने एकसारख्या वेगाने सायकल चालवली, मी घड्याळ दाबलं. अठरा सेकंद. म्हणजे ताशी वीस. यंत्र दाखवत होतं 38, 41, एकदा तर 57.

कॅल्क्युलेटर फेरे खात होता, पाटी फेरे वाढवत होती. रीड स्विचच्या पट्ट्या एकमेकींवर आपटल्या की क्षणभर थरथरतात, जोडल्या-सुटल्या-जोडल्या असं सहस्रांश सेकंदात होतं. बोटासाठी केलेल्या कॅल्क्युलेटरला ते कळलंच नव्हतं. पाटी इतकी चपळ, की एका फेऱ्याचे तिने दोन-दोन, तीन-तीन करून टाकले. उपाय पोरानेच काढला. एक फेरा नोंदला की पुढचे शंभर सहस्रांश सेकंद काहीही आलं तरी मोजायचं नाही. तेवढ्या वेळात खरोखरचा फेरा व्हायला सायकल ताशी ऐंशीने पळायला हवी, आणि ही सायकल काही तशी पळणार नाही. दुसरी सुधारणा याहून महत्त्वाची. सेकंदात किती फेरे हे मोजत बसलं तर ताशी वीसच्या वेगाला अडीच फेरे होतात, म्हणजे यंत्राला कधी दोन दिसणार, कधी तीन. वेग दिसणार सोळा, नाहीतर चोवीस. त्यापेक्षा एका फेऱ्याला किती वेळ लागला ते मोजायचं. 0.4 सेकंद लागला, की परीघ भागिले वेळ, आणि आकडा वीसवर स्थिर.

आता राहिला परीघ. पोराने 2.235 धरला होता. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त परिघासाठी दोन प्रमाणं दिली आहेत, सूक्ष्म कामाला 3927 भागिले 1250 आणि व्यवहाराला 22 भागिले 7. मला वाटलं, चूक असेल ती या दोहोंतल्या फरकात. करून पाहिलं तर तो फरक अठ्ठावीस इंची चाकाला इंचाचा शंभरावा भागसुद्धा धड चार वेळा भरत नाही. चूक होती टायरमध्ये. माणूस बसला की टायर दबतो, आणि चाक त्याच्या छापील मापापेक्षा लहान होऊन चालतं. म्हणून टायरला खडूची खूण केली, पोराला सायकलवर बसवून सरळ रेषेत दहा फेरे चालवलं, आणि टेप लावला. 22.18 मीटर. म्हणजे फेऱ्याला 2.218. छापील मापापेक्षा सतरा मिलिमीटर कमी. किलोमीटरमागे साडेसात मीटरची तफावत. हवा कमी करून पुन्हा मोजलं, तर आणखी कमी. मामा म्हणाले, "लेथवर काम करताना आधी जॉबचं माप घ्यायचं असतं, छापलेलं वाचायचं नसतं." या नव्या मापाने शंभर मीटरला पंचेचाळीस फेरे यायला हवेत. पाटीने पंचेचाळीस दाखवले. मग पोराच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते एक्केचाळीस आकड्याच्या वेळचं नव्हतं.

प्रदर्शन जून सरता सरता झालं. पोराचा फोन आला. परीक्षक म्हणाले, असं यंत्र बाजारात तयार मिळतं, यात नवीन काय? बक्षीस दुसऱ्या कुणाला तरी मिळालं. पोराचा आवाज पडलेला होता. मी त्याला काय सांगणार? कचेरीत बसून फायली पुढे सरकवणारा मी माणूस. लक्ष्मणरावांची गोष्ट तेवढी सांगितली.

सायकली तर मुंबईत तयार मिळतच होत्या. किर्लोस्करांनी त्या विकल्या, आणि विकता विकता खोलल्या, दुरुस्त केल्या. खोलणाऱ्या हाताला मग लोखंड कळू लागलं. त्या दुकानातून कडबा कापायची यंत्रं निघाली, 1903 साली लोखंडी नांगर निघाला. लोखंडाने जमीन बिघडते म्हणून सुरुवातीला शेतकरी तो घेईनात. पुढे नगरपालिकेला विस्तारासाठी त्यांची जागा हवी झाली आणि बेळगावातून उठावं लागलं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ आणि दहा हजार रुपये दिले, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' मासिकांवर आपल्याकडच्या दोन पिढ्या वाचायला शिकल्या, ती मासिकंही त्याच कारखान्याच्या अंगणातून आली. बेळगावचा कारखाना गेला, पण लोखंडाला हात लावायची सवय गावात राहिली. उद्यमबागेतल्या भट्ट्या आणि लेथ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते सांगायला नको.

तयार यंत्र घेतलं असतं तर पोराला वेग कळला असता. पण टायर दबतो, पट्ट्या थरथरतात, कॅल्क्युलेटरला ओझरता स्पर्श कळत नाही, हे कुठून कळलं असतं? फोनवर हे सगळं मी त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, आज्जाला मागच्या चाकाचा पण परीघ मोजायचाय. मागं वजन जास्त पडतंय, तर टायर जास्त दबणार म्हणूलालेत."

गणेशचतुर्थीनंतर पुन्हा जायचं आहे. या खेपेला पोलादी टेप मी इथूनच नेणार आहे, पन्नास मीटरचा.